नकुल लंडनला जाणार म्हणे

रविवार, २३ एप्रिल २००६

आज सीझन सुरू झाला आणि आम्ही जिंकलो. ऑफिसने जानेवारीत दिलेली डायरी कोरीच पडली होती, तिला आज कारण मिळालं.

हेरन्स म्हणजे आमचा नॉटिंगहॅमचा बेसबॉल क्लब. कौन्सिलच्या पार्कात खेळतो. तिथे आमच्यापेक्षा कुत्री फिरवणाऱ्यांचा हक्क मोठा आहे. मी मॅनेजर. पुण्याचा, क्रिकेटवर वाढलेला माणूस दोन वर्षं ओहायोत प्रोजेक्टवर गेला आणि हे वेड घेऊन इंग्लंडात आला. माझ्या बायकोच्या, सीमाच्या मते माणसं अमेरिकेहून डॉलर आणतात.

नकुलने आज सहा इनिंग (छोटे डाव) टाकल्या. आमचे मित्र शशी आणि मनीषा यांचा मुलगा, इथेच जन्मलेला, आता एकोणीस वर्षांचा. चौदाचा असताना पिकनिकला ट्रेंटमध्ये दगड भिरकावत होता. दगड कुठे पडतोय ते बघायला सगळे नदीकडे पाहत होते, मी त्याचा खांदा पाहत होतो. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी पार्कात आम्ही दोघं. ऑक्टोबरमध्ये ग्रेट ब्रिटनच्या टीमची ट्रायल आहे आणि त्याला बोलावणं आलंय. त्याला दुसरं काही नको आहे. खरं तर मलाही.

पिचर म्हणजे बोलरच ना, असं सीमा दरवर्षी विचारते. बोलर सहा चेंडू टाकून बाउंड्रीवर जाऊन उभा राहतो, पिचर जागचा हलत नाही. सगळा सामना एका कोपरावर उभा असतो. म्हणून माझा एक नियम आहे: शंभर चेंडू झाले की पिचर बाहेर. खिशात छोटा क्लिकर असतो, दर चेंडूला दाबायचा. कोचांच्या हावरटपणाने वाया गेलेले हात मी अमेरिकेत बघितलेत. माझ्या हातून ते होणार नाही.

मंगळवार, २० जून

ऑफिसात लंचला बेसबॉलचा मेसेज बोर्ड उघडला. कुणीतरी टोपणनावाने लिहिलंय, हेरन्सचा तरुण पिचर नकुल लंडनच्या एका वरच्या डिव्हिजनच्या क्लबात चाललाय, बोलणी झाली आहेत. खाली सात जणांनी आपापली अक्कल पाजळली आहे. एकाने लिहिलंय, छोट्या क्लबात सडण्यापेक्षा बरं.

नकुलला विचारायचं का? मुळीच नाही. पाच वर्षं ज्याने शिकवलं त्याने विचारायचं आणि ज्याने शिकून घेतलं त्याने उत्तर द्यायचं, असं उलटं कुठे असतं? सांगायचं असेल तर तो सांगेल. विचारलं तर आपणच लहान होतो.

सीमा म्हणाली, ‘‘अरे, एक फोन कर ना. तोंड आहे की तुला.’’ तिला यातलं काही कळत नाही.

बुधवार, ५ जुलै

ऑफिसच्या कामाने डर्बीला गेलो होतो. परत आलो तर नॉटिंगहॅम स्टेशनवर नकुल दिसला. लंडनच्या गाडीच्या प्लॅटफॉर्मवर, किटबॅग डाव्या खांद्यावर. मला बघून दचकला.

‘‘कुठे रे?’’

‘‘असंच काका. फ्रेंडकडे. रात्री बॅक.’’

‘‘फ्रेंड पण बेसबॉलवालाच का?’’

तो हसला, पण नीट नाही. गाडी आली आणि तो चढला. दार ओढायला त्याला दोन्ही हात लागले. मी खिडकीकडे बघून हात केला, त्यानेही केला.

आता बोर्डावर वाचायची गरज उरली नाही. डोळ्यांनी पाहिलं.

रविवार, १६ जुलै

जिंकलो. पण मजा नाही. नकुल पाचव्या इनिंगनंतर जवळ आला आणि म्हणाला, ‘‘काका, मी आता थांबू का? माझी हात थोडी टायर्ड आहे.’’

मी म्हटलं, ‘‘आधी ‘माझा हात’ म्हण.’’

‘‘माझा हात,’’ तो म्हणाला आणि परत जाऊन उभा राहिला. दोन इनिंग आणखी टाकल्या. क्लिकरवर एकशे बारा. नियम मोडला हे खरं, पण दमला असता तर दोनदा सांगितलं असतं. लंडनसाठी हात राखून ठेवतोय, दुसरं काय. आमच्या पार्कात शिकायचं, आमच्या पार्कात घाम गाळायचा आणि हात मात्र दुसऱ्यांसाठी ताजा हवा.

एक नवीन सवय लागली आहे त्याला. दर चेंडूनंतर करंगळी झटकतो. टीव्हीवर कुणाला बघून उचलली असणार.

रविवार, ६ ऑगस्ट

आमचा कॅचर ग्रॅहम शाळेत भूगोल शिकवतो. पिचरचे चेंडू झेलणारा तोच, त्यामुळे नकुलला माझ्याइतकंच ओळखतो. सामन्यानंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘उदय, टाकताना त्याचा हात खाली यायला लागलाय. चेंडूत पूर्वीसारखा जोर नाही. विश्रांती दे.’’

मी म्हटलं, ‘‘मनच दुसरीकडे असेल तर चेंडूत जोर कसा येणार?’’

ग्रॅहमला अर्थातच काही समजलं नाही. इंग्रज माणसाला टोमणा मारणं म्हणजे भिंतीला गुदगुल्या करणं.

गणित मात्र मला सापडलं आहे. प्लेऑफ जिंकलो तर हेरन्स वरच्या डिव्हिजनमध्ये जातात, त्या लंडनवाल्यांच्याच. मग नकुलला जायचं कारणच राहत नाही. घरी आईचं जेवण, शेजारी युनिव्हर्सिटी आणि खेळ तोच. फक्त हे दोन-तीन सामने त्याने मन लावून टाकले पाहिजेत. त्याच्याच भल्याचं आहे.

शनिवार, १२ ऑगस्ट

शशीच्या दुकानात चष्म्याची काडी बदलायला गेलो. सरळ विचारणं जमेना म्हणून म्हटलं, ‘‘शशी, मुलं मोठी झाली की त्यांना पंख फुटतात. आपल्याला शेवटी कळतं.’’

शशीने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. ‘‘तुलाही कळलं का? मनीषा म्हणते मुलगी असणार. दर बुधवारी कुठेतरी जातो, विचारलं तर गप्प. तू काही ऐकलंयस?’’

मी म्हटलं, नाही. म्हणजे घरीही लपवतोय. आईबापांनाही सांगितलं नाही, तर काकाची काय कथा. मनीषा मागून चहा घेऊन आली, म्हणाली, ‘‘भावजी, तुमचंच तो ऐकतो. मी त्याला नेहमी सांगते, काकांना कधी नाही म्हणायचं नाही. त्यांनी तुला घडवलं.’’

ऐकून बरं वाटलं. घरी आलो तेव्हा मूड चांगला होता.

रविवार, २७ ऑगस्ट

आज गणपती बसले. दीड दिवसांचे, पुण्याहून आणलेली शाडूची वीतभर मूर्ती. घरात वीस-बावीस माणसं, चपलांचा ढीग दाराबाहेर, आणि शेजारच्या बाईंनी दर वर्षीप्रमाणे टाळ्यांचा आवाज ऐकून विचारलं की आज वाढदिवस कुणाचा.

आरती झाली. सीमा प्रसाद वाटत होती. नकुलपाशी आली तर त्याने डावा हात पुढे केला. सगळ्यांसमोर. सीमाचा हात थांबला.

मनीषा शरमली. ‘‘नकुल! उजवा हात. काय हे, लहान आहेस का?’’

मला राहवलं नाही. म्हटलं, ‘‘असू दे मनीषा. लंडनमध्ये चालत असेल डाव्या हाताने.’’ दोघं-तिघं हसले.

नकुल माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने उजवा हात पुढे केला, खाली डाव्याचा आधार घेऊन. सीमाने मोदक ठेवला. तो त्याने तसाच धरून ठेवला, खाल्ला नाही. नंतर पाहिलं तर खिडकीजवळ कागदी डिशमध्ये होता.

मुलं इथे वाढली की असंच. कौतुकाने वाढवायची आणि साधी रीतही शिकवायची राहते. सीमा भांडी घासताना म्हणाली, ‘‘त्याचा हात दुखतोय का रे?’’ मी म्हटलं, दुखत असता तर बोलला असता. जीभ आहे ना त्याला. ती म्हणाली, ‘‘तुला पण आहे.’’

शुक्रवार, १ सप्टेंबर

बोर्डावर पुन्हा तेच. ‘प्लेऑफनंतर जाहीर होणार.’ दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. टीममध्ये दुसरा पिचर आहे, पण त्याच्यावर प्लेऑफ सोडणं म्हणजे चाव्या चोराकडे देणं. नकुलच टाकेल. सगळा सामना टाकेल. त्याला तरी कळेल की आपण इथले आहोत.

रविवार, ३ सप्टेंबर

हरलो. ते महत्त्वाचं नाही.

जेवढं आठवतं तेवढं क्रमाने लिहितो.

सकाळी नकुल लवकर आला. माझ्याजवळ उभा राहून बुटाच्या टोकाने गवत उकरत होता. ‘‘काका, आज मी फर्स्ट बेसला खेळू? पिचिंग दुसरं कोणी करेल?’’

मी विचारलं, ‘‘का?’’

मैदानाच्या कडेला एक लाल केसांची बाई हाताची घडी घालून उभी होती. निळा ट्रॅकसूट, कुठल्याच क्लबाचा नाही. सारखी त्याच्याकडे बघत होती. माझ्या लक्षात आलं, लंडनची माणसं बघायला आली आहेत.

मी म्हटलं, ‘‘हात राखून ठेवायचाय का? त्यांच्यासाठी?’’

‘‘कोणासाठी?’’

‘‘ते तुला माहीत. मी पाच वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं नाही, नकुल. आज मागतोय.’’

त्याने एकदा त्या बाईकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. ‘‘ओके काका. टाकतो.’’

टाकला. पहिल्या चार इनिंग तर अशा टाकल्या की मीच त्याच्यावर संशय घेतल्याबद्दल खजील झालो. क्लिकर घरी विसरलो होतो, त्यामुळे नेमके किती चेंडू झाले ते सांगता येत नाही. ग्रॅहम दोनदा माझ्याकडे आला. दुसऱ्यांदा म्हणाला, ‘‘आता शंभराच्या बरेच वर असतील.’’ मी म्हटलं, अजून एक इनिंग.

सहाव्या इनिंगमध्ये आवाज आला. ओली काठी मोडावी तसा. बॅटचा वाटला, पण बॅट फिरलीच नव्हती. चेंडू कुठेतरी भलतीकडे गेला आणि नकुल गुडघ्यावर बसला, कोपर पोटाशी धरून. ओरडला नाही.

माझ्या आधी ती बाई पोचली. तिने त्याचं कोपर असं धरलं की पूर्वी अनेकदा धरलं असावं. म्हणाली, ‘‘मी तुला सांगितलं होतं. मी तुला दोन महिने सांगत होते.’’ आणि मग माझ्याकडे वळून, ‘‘मॅनेजर तुम्हीच ना? त्याने तुम्हाला सांगितलंय असं तो मला म्हणाला होता.’’

ती फिजिओ आहे. लेस्टरला तिचं क्लिनिक आहे. लंडनची गाडी लेस्टरला थांबते. हे मला माहीत होतं, मी त्या गाडीने पन्नास वेळा गेलोय.

सोमवार, ४ सप्टेंबर

ऑफिसला गेलो नाही. सीमा माझी कालची पँट धुवायला टाकत होती. तिने खिशातून क्लिकर काढून टेबलावर ठेवला आणि निघून गेली.

वर लिहिलंय की घरी विसरलो होतो. ते खोडत नाही, तसंच राहू दे. क्लिकर खिशात होता. दिवसभर माझा हात त्याच्यावर होता. मी दाबला नाही.

मंगळवार, १२ सप्टेंबर

शशीबरोबर हॉस्पिटलात गेलो होतो. त्याने नको म्हटलं नाही म्हणून गेलो. कोपराच्या आतल्या बाजूचा लिगामेंट पूर्ण तुटलाय. डॉक्टरांनी नकुलला विचारलं, कधीपासून दुखत होतं. ‘‘जून एंड,’’ तो म्हणाला. करंगळीला मुंग्या? ‘‘जुलै.’’ मी जुलैत त्या करंगळीबद्दल काय लिहिलं होतं ते घरी येऊन वाचलं.

ऑपरेशन करतील, नंबर लागायला वेळ आहे. हात रोजच्या वापराला बरा होईल. लिहिणं, गाडी चालवणं वगैरे. पिचिंगबद्दल डॉक्टर म्हणाले की अमेरिकेत काही जण परत टाकतात. इथे त्याच्या मागे एवढं कोण लागणार. ट्रायलबद्दल कुणी काही विचारलं नाही.

कॉरिडॉरमध्ये शशी म्हणाला, ‘‘तुला तरी सांगायला हवं होतं त्याने.’’ मला दोष देत नव्हता तो. दिला असता तर सोपं गेलं असतं. मी म्हटलं, ‘‘शशी, त्याने मला सांगितलं होतं. दोनदा.’’ त्याने घड्याळ पाहिलं. मग म्हणाला, पार्किंगची वेळ संपत आली असेल, चल.

रविवार, १७ सप्टेंबर

दुपारी फोन आला. लंडनच्या त्या क्लबाचा मॅनेजर. सभ्य माणूस. ऐकून वाईट वाटलं म्हणाला, आमच्या एका खेळाडूचं असंच ऑपरेशन झालंय, त्याच्या सर्जनचं नाव देतो.

मी म्हटलं, थँक यू, तुमचंही नुकसान झालं.

‘‘आमचं?’’ तो म्हणाला. ‘‘नाही, नाही. आम्ही जूनमध्ये त्याला विचारलं होतं. त्याने पाच मिनिटांत नाही सांगितलं. म्हणाला, माझे काका इथे मॅनेजर आहेत. मला वाटलं सख्खे काका. ते बोर्डावरचं पोरांनी उठवलेलं होतं, आम्ही लक्षच दिलं नाही. तुम्हाला त्याने सांगितलं असेलच.’’

मी हो म्हटलं. सर्जनचं नाव लिहून घेतलं.

त्याने का नाही सांगितलं याचा संध्याकाळभर विचार केला. सीमा म्हणाली, ‘‘सांगायचं काय त्यात? तो जाणारच नव्हता.’’

मंगळवार, १९ सप्टेंबर

क्लबला राजीनामा पाठवला. ग्रॅहमने फोन करून मागे घे म्हटलं नाही. पुढच्या सीझनला तो बघेल. रोज ठरवतो की नकुलकडे जायचं आणि रोज काहीतरी निघतं. त्याच्या रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत दोनदा जाऊन आलो. काय म्हणणार? माफ कर म्हटलं तर तो लगेच ‘इट्स ओके काका’ म्हणेल. पुन्हा माझंच ऐकेल. तेच नको आहे.

सोमवार, २ ऑक्टोबर

दसरा. कामाचा दिवस, पण संध्याकाळी रिवाजाप्रमाणे घरी माणसं आली. आपट्याची पानं इथे मिळत नाहीत, सीमा मागच्या अंगणातल्या झाडाचीच तोडून ठेवते, दरवर्षी तेच सोनं.

शशी-मनीषा येतील असं वाटलं नव्हतं. आले. मागे नकुल. उजवा हात गळ्यात बांधलेला, जॅकेट एका बाजूने नुसतं खांद्यावर टाकलेलं. बारीक झालाय. येत्या शनिवारी ट्रायल आहे.

सगळे एकमेकांना पानं देत होते. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. मी खुर्ची सोडून उठलो नाही. उठलो असतो तर त्याच्याकडे जावं लागलं असतं. तर तोच आला. ताटातून त्याने एक पान उचललं होतं. माझ्यासमोर उभा राहिला, पान पुढे केलं आणि मग मध्येच थांबला. आधी आपल्या हाताकडे पाहिलं, मग मनीषाकडे.

‘‘सॉरी काका,’’ तो म्हणाला. ‘‘डावा हात आहे.’’